खुब्यांची वेळ

"मोजे पँटच्या वर ओढून घ्या, दाजी. आणि वरनं हे चोळा."

धैर्यशीलनं पुढं केलेल्या कागदाच्या पुडीत मीठ आणि तंबाखूची पूड होती. आदल्या रात्री सावंतवाडीच्या लॉजवर त्यानं ती करून ठेवली होती. मी गाडीच्या दारात बसून मोजे ओढले. समोर रस्ता संपत होता आणि तिथूनच रान सुरू होत होतं.

गोव्याची हद्द ओलांडून कारवारकडं जाताना डोंगर एका ठिकाणी थेट समुद्रात उतरतो. त्या डोंगरापलीकडं एक किनारा आहे, तिथं गाडी जात नाही, असं धैर्यशीलनं कुठंतरी वाचलं होतं. जिथं गाडी ठेवली तिथं पत्र्याच्या शेडखाली एक दुकान होतं. दुकानात चार बरण्या, सोड्याच्या बाटल्या आणि एक म्हातारा.

"खुब्यांचे वेळेर वता?" त्यानं विचारलं. वेळ म्हणजे तिकडं समुद्राचा किनारा. खुबे म्हणजे शिंपल्यातला एक प्रकार, तो तिथं वाळूत सापडतो म्हणे. त्याचं कोकणी आणि आमचं कोल्हापुरी जुळायला जरा वेळ लागला, पण एक गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. "तीन वाजच्या आदीं परत फिरात. भरती आयली की खडपाची वाट बंद."

"तीनच्या आत परत येतो, काका," धैर्यशील म्हणाला, आणि माझ्याकडं वळून, "चला. पुढं मी."

धैर्यशील माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती माझी बायको होती. कोल्हापूरच्या कोर्टात दोघांच्या संमतीनं सगळं झालं होतं, आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. सह्या झाल्यावर उज्ज्वला मला म्हणाली होती, "डबा लावून घ्या. नुसत्या पावावर राहू नका." मग ती तिच्या आईबरोबर रिक्षात बसून गेली.

आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी दिवाळीआधी आम्ही मारुती एट हंड्रेडमधून कोकणात निघालो होतो. आंबोलीच्या घाटात उज्ज्वलाला इतका त्रास झाला, की ती म्हणाली, पुन्हा या गाडीत बसून घाट उतरणार नाही. धैर्यशील तेव्हा बारावीला होता, मागच्या सीटवर. पुढच्या वर्षी तोच म्हणाला, "ताई नाही तर नाही. आपण जाऊया की, दाजी." तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही दोघं तीन-चार दिवस निघायचो. ठरलेलं काही नसायचं. दिसेल तो रस्ता धरायचा आणि समुद्र लागला की थांबायचं. नऊ वर्षं.

यंदा मी धरून चाललो होतो की हेही संपलं. उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा असताना त्याचा फोन आला. "दाजी, यंदा कधी निघायचं?" मी मशीन बंद केलं. काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्या दिवशी मी एक जॉब चुकीच्या मापाला कापला, एवढं आठवतं.

रानात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच शर्ट अंगाला चिकटला. पाऊस जाऊन पंधरवडा झाला होता, पण झाडं अजून गळत होती. वरचं आभाळ दिसत नव्हतं. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, त्यावर नेचे, आणि वेताच्या काटेरी वेली वाटेवर आडव्या आलेल्या. पायाखाली कुजलेल्या पानांचा जाड थर, पाऊल टाकलं की आत जायचं. समुद्र कुठं आहे याचा पत्ता नव्हता, फक्त मधूनच वाऱ्याला खारट वास यायचा.

"थांबा," धैर्यशील म्हणाला आणि वाकून माझ्या पोटरीवर मीठ दाबलं. जळू गुंडाळी होऊन खाली पडली. "तुमचंच रक्त गोड आहे. माझ्याकडं एकही नाही."

"तुझं सगळं त्या बँकेनं प्यायलंय."

तो हसला. त्याला एका सहकारी बँकेत नोकरी लागून वर्ष झालं होतं. मी मग त्याला मॅनेजरची नक्कल करायला लावली, मग वर्कशॉपमधल्या आमच्या पाटील फिटरची गोष्ट सांगितली, मग लहानपणी मी गगनबावड्याला बस चुकून रात्रभर स्टँडवर कसा बसलो ते. आई-वडील माझे लवकर गेले. सांभाळलं एका चुलत्यानं, आणि त्याच्या घरात मी उशिरा आलो तर कुणाच्या लक्षात यायचं नाही. ती गोष्ट मी हसवण्यासाठी सांगत होतो.

धैर्यशील चालता चालता थांबला.

"एक विचारू? ताई म्हणते, तुम्ही घरात असलात तरी घरात कुणी नसल्यासारखं वाटतं. माझ्याबरोबर तर तुम्ही थांबत नाही बोलायचं."

मी म्हणालो, "चाल. वाट बघ पुढची."

खरंच होतं ते. उज्ज्वलाशी बोलायला बसलो की माझ्या डोक्यातले शब्द जायचे. ती भाजी निवडत बसायची, मी पेपर धरून. याच्याबरोबर मात्र गाडीत बसलं की मी सुटायचो. असं का, ते मला कधी कळलं नाही आणि मी फारसा विचारही केला नव्हता.

दीड तासानं रान विरळ झालं आणि आम्ही काळ्या खडकांवर आलो. खाली पाणी होतं. खडकाच्या कडेनं, पाण्यापासून हातभर उंचीवरून, पलीकडं जायची पायवाट होती. हीच ती खडपाची वाट. ती ओलांडली आणि समोर किनारा.

तसा किनारा मी त्याआधी पाहिला नव्हता. लहानसा, अर्धचंद्रासारखा, तिन्ही बाजूंनी झाडी वाळूपर्यंत उतरलेली. पावलाचा ठसा एकही नाही. ओहोटीनं उघड्या पडलेल्या वाळूवर खेकड्यांनी ठिपके काढलेले. एका टोकाला मोठे दगड आणि त्यांच्यामागं केवड्याचं बन.

धैर्यशीलनं ओरडून बघितलं. डोंगरानं आवाज परत दिला नाही, रानानं गिळला.

आम्ही चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चपात्या लॉजच्या होत्या, वातड झालेल्या. माझ्या मनात एक बेत होता. वर्कशॉपला एक नवीन मशीन येणार होतं आणि शनिवार-रविवारी हिशेब बघायला माणूस हवा होता. त्याला पैशाची गरज नव्हती हे मला ठाऊक होतं. मला फक्त दर शनिवारी तो यायला हवा होता. ते कसं काढावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "दाजी, एक सांगायचंय."

"सांग की."

त्यानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"ताईचं जमलंय. इचलकरंजीचे आहेत. त्यांचंही दुसरंच आहे. वीस तारखेला घरगुती करायचं ठरलंय."

"बरं झालं," मी म्हणालो. मला तसं खरंच वाटलं होतं, निदान त्या क्षणाला.

"आणि आई म्हणते…" तो समुद्राकडं बघत बोलत होता. "म्हणजे त्या लोकांनी काही म्हटलेलं नाही. पण आई म्हणते, की आता बरं दिसत नाही. तुमच्याकडं येणं-जाणं. नवीन पाहुण्यांना काय वाटेल. या खेपेला जा म्हणाली, शेवटचं. तुम्हाला नीट सांगून ये म्हणाली."

लाटा फार लांब होत्या. मी पायावरच्या जळवांच्या जखमा बघत बसलो. दोन ठिकाणचं रक्त अजून थांबलं नव्हतं.

"दाजी."

"हं."

"काहीतरी बोला की."

"काय बोलू? बरोबर आहे तुझ्या आईचं."

"एवढंच?"

मी मान हलवली. बोलायचं बरंच काही होतं, पण उज्ज्वलासमोर जायचे तसे शब्द गेले. तो उठला, पँटवरची वाळू झटकली आणि सॅक खांद्याला लावली. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मी होतो पुढं. तुम्ही या सावकाश. अडीच वाजलेत, उशीर करू नका."

तो खडपाच्या वाटेनं गेला आणि झाडीत दिसेनासा झाला.

मी बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि पाण्यात जाऊन पाय धुतले. मिठानं आणि खाऱ्या पाण्यानं जखमा चांगल्याच झोंबल्या. पाणी आता पुढं येत होतं. ऊन डोक्यात जात होतं म्हणून मी बूट तिथंच ठेवून दगडांच्या मागं, केवड्याच्या सावलीत जाऊन बसलो. थोडा वेळ बसू आणि निघू, एवढाच विचार होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खडपाच्या बाजूनं हाक आली.

"दाजी! चला ओ!"

ओ द्यायला मी तोंड उघडलं. आणि दिली नाही.

"दाजी!"

दगडांच्या फटीतून तो मला दिसत होता. सॅक कुठंतरी ठेवून आला होता. किनाऱ्यावर इकडं-तिकडं बघत होता. आम्ही जेवलो तिथं गेला, मग झाडीच्या कडेनं हाका मारत फिरला. मी ठरवत होतो, पुढच्या हाकेला ओ देऊ. ती हाक यायची, आणि मी त्याच्या पुढच्या हाकेची वाट बघत बसायचो.

मग त्याला बूट दिसले. भरतीचं पाणी बुटांपर्यंत आलं होतं, एक उलटा होऊन वाहायला लागला होता. धैर्यशीलनं तो उचलला. त्याच्याकडं बघितलं. मग समुद्राकडं. आणि त्यानं जी हाक मारली, तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लहान पोर ओरडतं तसा.

तो कपड्यांसकट पाण्यात शिरला. पंचगंगेत पोहणारा पोरगा, पण हा समुद्र होता. छातीभर पाण्यात जाऊन तो डावीकडं-उजवीकडं हातानं पाणी चाचपत होता, बुडी मारत होता, वर येऊन हाक मारत होता. एका लाटेनं त्याला उचललं आणि खडकावर आपटलं. तो दिसेना.

तेव्हा मी उठलो. "धैर्या! धैर्या!" करत अनवाणी दगडांवरून धावलो. तो पाण्यातून धडपडत वर आला. कपाळ फुटलं होतं. मला बघून तो आहे तिथंच उभा राहिला, मग पाणी तुडवत आला आणि मला घट्ट धरलं. त्याचे दात वाजत होते.

"कुठं होता? कुठं होता तुम्ही?"

"त्या दगडांमागं."

"झोप लागली होती व्हय? एवढ्या हाका मारल्या!"

मी "हं" म्हणालो.

"तुमची झोप म्हणजे…" तो रडत रडत हसला. "मेलो होतो ओ मी."

मी माझा रुमाल त्याच्या कपाळाला बांधला. एक बूट सापडला, एक गेला. खडपाच्या वाटेवर पाणी चढलं होतं, मांडीपर्यंत. त्यानं माझा हात धरला आणि पलीकडं पोहोचेपर्यंत सोडला नाही. पलीकडं गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही. रानात शिरल्यावर त्यानं सॅकमधून स्वतःची चप्पल काढून मला दिली.

तो बोलत होता. एरवी मी बोलायचो आणि तो ऐकायचा, आता उलट झालं होतं.

"मघाशी मी रागानं निघालो ना, अर्ध्या वाटेत बसलो. म्हटलं, हे काय करतोय मी? ताईचं नातं तिनं तोडलं, तिचा हक्क आहे. माझं कशाला तुटायला पाहिजे? मी आईला सांगणार आहे घरी जाऊन. पटलं तर पटलं. तेच सांगायला परत आलो होतो, आणि तुम्ही नाही. बूट तेवढे." तो थांबला, श्वास घेतला. "पुढच्या ऑक्टोबरात भटकळकडं जाऊ. चालेल ना?"

वरून पाणी गळत होतं. वाटेत एक ओढा होता, सकाळी आम्ही त्यावरून उडी मारून आलो होतो. तो पलीकडं गेला आणि मला आधार द्यायला त्यानं हात पुढं केला.

मी अलीकडंच उभा राहिलो. त्याच्या कपाळावरच्या रुमालातून रक्त आलं होतं. मी म्हणालो, "धैर्या, मला झोप लागली नव्हती."

"म्हणजे?"

"मला ऐकू येत होतं."

त्याचा हात तसाच पुढं होता.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मी पाण्यात गेलो तेव्हा?"

"बघत होतो."

त्यानं हात मागं घेतला, रागानं नाही, विसरल्यासारखा.

"का?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही." पण मला ठाऊक होतं. तो मला शोधत होता. कुणीतरी मला शोधतंय, मी नाही म्हणून कुणाचा तरी जीव वरखाली होतोय, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला ते आणखी थोडं बघायचं होतं. आणि हे चाळीशीला आलेल्या माणसानं कुणाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मी मेलो असतो तर?" त्यानं विचारलं. तो वळला आणि चालू लागला. ओढा मी एकट्यानं ओलांडला.

बाकीच्या वाटेनं तो दहा-बारा पावलं पुढं होता. वेत आडवा आला की मी येईपर्यंत तो बाजूला धरून थांबायचा, मी गेलो की सोडून परत पुढं जायचा. जळवांकडं कुणी बघितलं नाही. दुकानाचा म्हातारा आमचे अवतार बघून काहीतरी म्हणाला आणि आतून हळद आणून दिली. धैर्यशीलनं ती स्वतःच जखमेवर दाबली.

गाडीत तो म्हणाला, "कारवारला स्टँडवर सोडा. बेळगावची गाडी मिळेल."

"अरे, मी कोल्हापूरलाच चाललोय ना."

"नको."

कारवारच्या स्टँडवर बस लागलेलीच होती. तो उतरला, सॅक घेतली, आणि खिडकीत वाकला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. "चप्पल ठेवा," तो म्हणाला. ओल्या बुटांनीच तो बसमध्ये चढला. मी बस सुटेपर्यंत गाडी तिथंच ठेवून बसलो होतो, मागचे रिक्षावाले हॉर्न मारत होते.

त्या रात्री मी घाट चढलो नाही. आंबोलीच्या पायथ्याला गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो आणि उजाडल्यावर निघालो.

पुढच्या ऑक्टोबरात मी त्याला मेसेज केला. भटकळ, एवढाच शब्द. उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी फोन लावला तर नंबर दुसऱ्याच कुणाचा होता. बँकेत जाऊन भेटता आलं असतं, शाखा मला माहीत होती. दोनदा समोरच्या फूटपाथपर्यंत जाऊन आलोही. मी "झोप लागली होती" यावरच राहिलो असतो, तर तो त्याच्या आईशी भांडला असता आणि आला असता, याबद्दल मला शंका नाही. आणि मी आयुष्यभर त्याच्या शेजारच्या सीटवर बसून गप्पा मारल्या असत्या. कधी वाटतं, तेच बरं होतं. कधी वाटतं, ते मला जमलं नसतं. बारा वर्षांत दोन्हींतलं एक पक्कं झालेलं नाही.

गेल्या दिवाळीत शाहूपुरीत तो अचानक समोर आला. अंगानं भरलाय. कपाळावर, केसांच्या जरा खाली, पांढरी रेघ आहे. बरोबर बायको, आणि तिच्या हाताला पाच-सहा वर्षांची मुलगी. आम्ही दोघंही थांबलो. रस्ता इतका अरुंद होता, की न थांबणं शक्य नव्हतं.

"बरे आहात?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. तू?"

"हो. बरं चाललंय." मग बायकोकडं वळून म्हणाला, "हे जयवंतराव. उद्यमनगरात वर्कशॉप आहे यांचं."

तिला माहीत असावं, किंवा नसावंही. तिनं पदर सावरला आणि वाकून माझ्या पाया पडली. मुलीलाही पडायला लावलं. मुलीचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केस नुकतेच न्हालेले होते, मऊ.

"घरी या ना कधी," ती म्हणाली.

धैर्यशील दुकानातल्या आकाशकंदिलांकडं बघत होता.

"येईन," मी म्हणालो.

कुठं राहतात ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.